जागा बदलणारा नवोदित लाइनबॅकर आणि अपेक्षांचे गणित

अमेरिकी फुटबॉलच्या एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये हासॉन रेडिक याने २०१७ ते २०१९ या आपल्या पहिल्या तीन हंगामांत मिळून साडेसात सॅक नोंदविले. २०२० या चौथ्या हंगामात त्याने साडेबारा सॅक केले. त्यांपैकी पाच तर एकाच सामन्यातील होते. या अवधीत त्याचा संघ आरिझोना कार्डिनल्स हाच राहिला आणि अधिकृत नोंदीप्रमाणे त्याचे पदही लाइनबॅकर हेच राहिले. फरक पडला होता तो मैदानावर उभे राहण्याच्या जागेत, काही यार्डांचा.

महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये एका जागेवर नाव कमावलेल्या तरुणाला व्यावसायिक संघाने घेतल्याबरोबर दुसऱ्या जागेवर उभे करणे, ही एनएफएलमधील जुनी पद्धत आहे. लाइनबॅकरच्या बाबतीत ती सर्वाधिक वापरली जाते आणि सर्वाधिक फसते, असेही म्हणता येईल. दर वर्षी एप्रिलमध्ये खेळाडूंची निवडप्रक्रिया, म्हणजे ड्राफ्ट, पार पडली की अशा एखाद्या खेळाडूविषयी चर्चा सुरू होते: तो पहिल्याच हंगामात चमकेल काय? वस्तुतः त्याआधी विचारावयाचा प्रश्न वेगळा आहे. ज्या कामामुळे त्याची निवड झाली, तेच काम त्याला दिले जाणार आहे काय?

एक नाव, दोन कामे

भारतीय वाचकासाठी खेळाची किमान मांडणी सांगणे आवश्यक आहे. दोन्ही बाजूंना अकरा खेळाडू असतात. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्या संघाला चार प्रयत्नांत किमान १० यार्ड पुढे जायचे असते. अमेरिकेत या प्रयत्नाला ‘डाउन’ म्हणतात. बचाव करणाऱ्या संघाचे तीन थर असतात. पुढची फळी प्रतिस्पर्ध्याच्या धिप्पाड खेळाडूंना भिडून उभी असते, मागचा थर लांब फेकलेला चेंडू अडवतो आणि या दोहोंमध्ये उभे असतात ते लाइनबॅकर. पुढच्या फळीच्या म्हणजे ‘लाइन’च्या मागे उभा राहणारा, म्हणून हे नाव.

नाव एक असले तरी त्याच्या पोटात दोन निराळे व्यवसाय आहेत. आतला लाइनबॅकर फळीच्या चार-पाच यार्ड मागे, मैदानाच्या मध्याजवळ उभा असतो. चेंडू खेळात आल्यानंतर क्षणार्धात त्याला ठरवायचे असते की प्रतिस्पर्धी चेंडू घेऊन धावणार आहे की फेकणार आहे. धावणार असेल तर पुढे झेप घ्यायची. फेकणार असेल तर मागे सरकून मोकळा पट्टा झाकायचा किंवा अंगाने भारी पण चपळ अशा ‘टाइट एंड’ला चिकटून धावायचे. आक्रमक संघ त्याच्या या निर्णयाशीच खेळतो. क्वार्टरबॅक चेंडू धावपटूच्या हाती दिल्याचा आविर्भाव करतो, लाइनबॅकर एक पाऊल पुढे टाकतो आणि त्याच्या पाठीमागे जी पोकळी निर्माण होते तेथे चेंडू जाऊन पडतो. ते एक पाऊल चुकीचे पडले की पुढचे सारे कौशल्य व्यर्थ ठरते.

कडेचा लाइनबॅकर फळीच्या टोकाला, जवळजवळ फळीतच उभा असतो. त्याच्या समोर बहुधा १४० किलोच्या आसपास वजनाचा एक रक्षक असतो. त्याला बगल देऊन, त्याचे हात झटकून, कमीत कमी वेळात क्वार्टरबॅकपर्यंत पोहोचणे हे त्याचे मुख्य काम. चेंडू हातात असताना क्वार्टरबॅकला फळीच्या मागेच लोळविले की तो ‘सॅक’. दोघांनी मिळून केला तर प्रत्येकाला अर्धा. या खेळाडूचे जग बरेचसे एका दिशेचे असते. खेळ त्याच्या समोर आणि एका बाजूला घडतो, पाठीमागे काय चालले आहे याची फारशी चिंता त्याला करावी लागत नाही.

कबड्डीच्या भाषेत बोलायचे तर कोपरारक्षकाला मध्यरक्षक करण्यासारखा हा बदल आहे. ताकद तीच, धाडस तेच. पण चढाईपटूकडे पाहण्याचा कोन बदलतो आणि शरीराला वर्षानुवर्षे लागलेली सवय आडवी येते.

आतल्या लाइनबॅकरवर आणखी एक भार असतो. २००८पासून एनएफएलने बचावातील एका खेळाडूच्या शिरस्त्राणात रेडिओ बसविण्याची मुभा दिली. अशा शिरस्त्राणावर मागे हिरवा ठिपका असतो आणि तो बहुतेक संघांत आतल्या लाइनबॅकरच्याच डोक्यावर दिसतो. प्रशिक्षकाचा निरोप त्याने ऐकायचा, उर्वरित दहा जणांपर्यंत पोहोचवायचा आणि प्रतिस्पर्ध्याची मांडणी बदलली तर स्वतःच्या जबाबदारीवर निरोपही बदलायचा. चेंडू खेळात येण्याच्या घड्याळावर १५ सेकंद उरले की रेडिओ आपोआप बंद होतो. पुढचे सारे त्याच्या डोक्यावर. कालपर्यंत केवळ समोरच्या रक्षकाकडे पाहणाऱ्या बावीस वर्षांच्या तरुणाला ही जागा देणे म्हणजे काय, याची कल्पना यावरून यावी.

रेडिकची तीन वर्षे

हासॉन रेडिक न्यू जर्सीतील कॅम्डनचा. डेलावेअर नदीच्या एका काठावर हे शहर, दुसऱ्या काठावर फिलाडेल्फिया. शालेय वयात दुखापतींमुळे त्याच्याकडे महाविद्यालयांचे लक्ष गेले नाही. फिलाडेल्फियातील टेम्पल विद्यापीठात तो शिष्यवृत्तीविना दाखल झाला आणि पुढे पुढच्या फळीच्या टोकावर खेळू लागला. अंतिम वर्षी, २०१६मध्ये, त्याने प्रतिस्पर्ध्याला फळीच्या मागेच लोळविण्याच्या साडेबावीस नोंदी केल्या. पण उंची सहा फूट एक इंच आणि वजन साधारण १०७ किलो. एवढ्या देहाने व्यावसायिक फुटबॉलमधील अजस्र रक्षकांसमोर त्याचा निभाव लागणार नाही, असे अनेकांना वाटले. जानेवारी २०१७मधील सीनियर बोल या निवड-सामन्याच्या सरावात तो आतल्या जागेवर उतरला, तेथे चपळाईने वावरला, पुढे शारीरिक चाचणीत ४० यार्डांचे अंतर त्याने ४.५२ सेकंदांत कापले आणि त्याचे मोल झपाट्याने वाढले. त्या वर्षीचा ड्राफ्ट फिलाडेल्फियातच झाला. आरिझोनाने त्याला तेराव्या क्रमांकावर निवडले, ते आतला लाइनबॅकर म्हणून.

पुढचा क्रम पाहण्यासारखा आहे. पहिल्या हंगामाच्या आरंभी तो आत खेळला, कारण तेथला नियमित खेळाडू डिओन बुकॅनन घोट्याच्या शस्त्रक्रियेतून सावरत होता. ऑक्टोबरमध्ये कडेचा मार्कस गोल्डन गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर गेला आणि रेडिकला कडेला नेण्यात आले. हंगाम संपल्यावर मुख्य प्रशिक्षक ब्रूस एरियन्स यांनी निवृत्ती घेतली. २०१८मध्ये स्टीव्ह विल्क्स आले आणि त्यांनी बचावाची रचनाच बदलली. संघाने १६पैकी तीनच सामने जिंकले, विल्क्स यांना वर्षभरातच जावे लागले. २०१९मध्ये क्लिफ किंग्सबरी मुख्य प्रशिक्षक झाले, बचावाची सूत्रे व्हान्स जोसेफ यांच्याकडे गेली आणि रेडिक पुन्हा आत आला. तीन वर्षांत तीन मुख्य प्रशिक्षक, बचावाचे तीन सूत्रधार, आणि दर वर्षी नवे पाठांतर. तिसऱ्या हंगामात त्याचे पहिल्या अकरा जणांतील स्थान गेले. त्या हंगामात त्याच्या नावावर एकच सॅक लागला.

मे २०२०मध्ये आरिझोनाने त्याच्या कराराचे पाचवे वर्ष नाकारले. पहिल्या फेरीतील खेळाडूच्या बाबतीत हा निर्णय म्हणजे संघाने आपली चूक मान्य केल्याची जाहीर नोंदच असते. त्याच सुमारास आतल्या जागेसाठी इतर खेळाडू आले आणि रेडिकला कडेला परत पाठविण्यात आले, बहुधा अन्य काही करण्यासारखे उरले नाही म्हणून. ऑक्टोबरमध्ये संघाचा प्रमुख आक्रमक चँडलर जोन्स दंडाच्या दुखापतीने हंगामाबाहेर गेला आणि रेडिकच्या वाट्याला पूर्ण वेळ काम आले. १३ डिसेंबर २०२० रोजी न्यूयॉर्क जायंट्सविरुद्ध त्याने पाच सॅक केले. एका सामन्यातील तो कार्डिनल्सच्या इतिहासातील विक्रम ठरला.

त्यानंतर कॅरोलिना पँथर्सकडे एका वर्षाच्या करारावर ११ सॅक. मग फिलाडेल्फिया ईगल्सशी तीन वर्षांचा साडेचार कोटी डॉलरचा करार आणि २०२२च्या हंगामात १६ सॅक. त्या हंगामात ईगल्स सुपर बोलपर्यंत पोहोचले. म्हणजे आरिझोनाने २०१७मध्ये जो खेळाडू निवडला तो खरोखरच तेराव्या क्रमांकाच्या मोलाचा होता. संघाने त्याला ओळखले, पण कामाला मात्र भलत्याच जागी लावले.

एकाच संघाचा पुनःपुन्हा प्रयोग

आरिझोनाचे उदाहरण अधिक उद्बोधक ठरते ते एका रेडिकमुळे नव्हे. स्टीव्ह काइम हे २०१३ ते २०२२ या काळात संघाचे सरव्यवस्थापक होते आणि त्यांच्या कारकिर्दीत पहिल्या फेरीत घेतलेल्या चार बचावपटूंच्या बाबतीत जागेचा प्रश्न उद्भवला.

पहिला बुकॅनन. २०१४मध्ये सत्ताविसाव्या क्रमांकावर निवडलेला हा खेळाडू वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात मागच्या थरात, सेफ्टी म्हणून खेळत असे. त्याला लाइनबॅकरच्या जागी आणून चेंडू फेकण्याची शक्यता असलेल्या प्रसंगी वेगाचा लाभ घ्यावा, अशी कल्पना होती. ती आरंभी यशस्वी झाली. या जागेला ‘मनीबॅकर’ असे नवे नावही मिळाले आणि इतर संघांनी तिचे अनुकरण केले. परंतु ९६ किलोच्या आसपास वजनाच्या शरीराने दर सामन्यात त्याहून कितीतरी जड देहांना भिडत राहण्याची किंमत असते. दुखापती वाढल्या आणि २०१८च्या हंगामानंतर आरिझोनाने त्याला ठेवले नाही.

त्यानंतर रेडिक, आणि २०२०मध्ये आठव्या क्रमांकावर आयझाया सिमन्स. क्लेमसन विद्यापीठाचा हा खेळाडू २०१९मध्ये महाविद्यालयीन लाइनबॅकरसाठीच्या बटकस पुरस्काराचा मानकरी होता. तो आत खेळे, कडेला खेळे, मागच्या थरातही खेळे. ४० यार्ड त्याने ४.३९ सेकंदांत कापले होते. कोणत्याही जागी खेळू शकतो ही त्याची ख्याती होती आणि कोणती जागा त्याची, हे सांगता येत नसे हीच त्याची अडचण ठरली. सप्टेंबर २०२०मधील पदार्पणाच्या सामन्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या रहीम मोस्टर्टने त्याला मागे टाकून ७६ यार्डांचा टचडाउन केला. त्यानंतर कित्येक आठवडे तो मैदानावर क्वचितच दिसला. ऑक्टोबरमध्ये सिएटलविरुद्ध जादा वेळेत त्याने रसेल विल्सनचा चेंडू हवेतच हेरून घेतला आणि आरिझोनाने तो सामना ३७-३४ असा जिंकला. अशा लखलखीत क्षणांची त्याच्याकडे कधीच वाण नव्हती. सातत्य मात्र साधले नाही. २०२३मध्ये नव्या व्यवस्थापनाने त्याला सेफ्टीच्या जागी नेले, कराराचे पाचवे वर्ष नाकारले आणि ऑगस्टमध्ये सातव्या फेरीतील एका निवडीच्या मोबदल्यात तो न्यूयॉर्क जायंट्सला देऊन टाकला.

चौथा झेव्हन कॉलिन्स, २०२१चा सोळावा. त्याला प्रथम आतल्या जागेची सूत्रे सोपविण्यात आली आणि दोन हंगामांनंतर कडेला हलविण्यात आले.

चार निवडी, चारही पहिल्या फेरीतल्या. यातील प्रत्येक खेळाडू शरीराने असामान्य होता, हे नाकारता येणार नाही. निवड करणाऱ्यांनी मैदानावरील कामापेक्षा घड्याळातील वेग आणि मोजपट्टीवरील उंची यांच्यावर अधिक भिस्त ठेवली, असा निष्कर्ष मात्र टाळता येत नाही. अर्थात हा रोग आरिझोनापुरता नाही. न्यूयॉर्क जेट्सने २००८मध्ये सहाव्या क्रमांकावर ओहायो स्टेटचा व्हर्नन गोल्स्टन घेतला. विद्यापीठाच्या एका हंगामातील १४ सॅकचा विक्रम त्याच्या नावावर होता. तेथे तो फळीच्या टोकावर हात जमिनीला टेकवून उभा राही. जेट्सने त्याला कडेचा लाइनबॅकर केले. तीन हंगामांत त्याच्या नावावर एकही सॅक लागला नाही.

अपघाताने सापडलेल्या जागा

उलट बाजूची उदाहरणेही आहेत आणि ती निश्चितच दुर्मीळ नाहीत. त्यांत एक गोष्ट वारंवार दिसते: यश बहुधा योजनेतून न येता निकडीतून आले.

डॅलस काउबॉइजने २०२१मध्ये बाराव्या क्रमांकावर मायका पार्सन्सला निवडले. शाळेत तो फळीच्या टोकावर खेळत असे, पेन स्टेट विद्यापीठाने त्याला आतला लाइनबॅकर केले आणि डॅलसनेही त्याच कामासाठी घेतले. पहिला सामना तो तसाच खेळला. दुसऱ्या सामन्याच्या आठवड्यात डिमार्कस लॉरेन्सचे पाऊल सरावात मोडले, रँडी ग्रेगरी कोविडच्या नियमांमुळे बाहेर होता आणि बचावाचे सूत्रधार डॅन क्विन यांच्याकडे कडेला उभे करण्यास माणूसच उरला नाही. त्यांनी नवोदित पार्सन्सला पुढे आणले. हंगामअखेर त्याच्या नावावर १३ सॅक होते. नवोदितांमधील विक्रम जेव्हॉन कर्सचा, १९९९मधील साडेचौदा. वर्षातील सर्वोत्तम नवोदित बचावपटू म्हणून त्याची निवड एकमताने झाली. गमतीचा भाग असा की, त्या वर्षीच्या सर्वोत्तम संघात त्याचे नाव लाइनबॅकर म्हणूनच नोंदले गेले.

येथे एक तपशील विसरता कामा नये. पार्सन्ससाठी कडेची जागा नवी नव्हती. ती त्याची बालपणाची जागा होती. त्याने दोन जागा शिकल्या होत्या आणि निकडीच्या वेळी जुनी पुन्हा हाती घेतली. रेडिकला मात्र आयुष्यात प्रथमच आतले काम शिकावे लागले, तेही तीन निरनिराळ्या गुरूंकडे. दोघांच्या आकड्यांची तुलना करताना हा भेद बहुतेकदा गळून पडतो.

ब्रायन अर्लॅकरची कथा सर्वांत वारंवार सांगितली जाते. न्यू मेक्सिको विद्यापीठात तो अर्धा सेफ्टी, अर्धा लाइनबॅकर अशा ‘लोबो-बॅक’ नावाच्या खास जागेवर खेळत असे. शिकागो बेअर्सने २०००मध्ये नवव्या क्रमांकावर त्याला निवडले आणि कडेच्या लाइनबॅकरची जागा दिली. ती त्याला जमली नाही. रोझव्हेल्ट कॉल्व्हिनने ती पटकावली. तिसऱ्या सामन्यात मधला लाइनबॅकर बॅरी मिंटर जखमी असल्याने अर्लॅकरला मध्यभागी उभे करण्यात आले आणि पुढची तेरा वर्षे तो तेथून हलला नाही. त्या पहिल्याच हंगामात तो सर्वोत्तम नवोदित बचावपटू ठरला, २०१८मध्ये त्याला हॉल ऑफ फेमचा मान मिळाला. ज्याने मागच्या थरातून सारे मैदान पाहण्याची सवय लावून घेतली होती, त्याला मध्यभागी आणल्यावर दृष्टी बदलावी लागली नाही, केवळ काही पावले पुढे यावे लागले. मागून पुढे येणारा खेळाडू आणि फळीतून मागे जाणारा खेळाडू यांच्या अडचणी सारख्या नसतात, हे अर्लॅकर आणि रेडिक यांना शेजारी ठेवल्यावर स्पष्ट होते.

फळीतून मागे जाऊन यशस्वी झालेलेही आहेत. त्यांना वेळ लागला. टेडी ब्रुस्की आरिझोना विद्यापीठात फळीत खेळत असे आणि ५२ सॅकसह त्याने तत्कालीन महाविद्यालयीन विक्रमाची बरोबरी केली होती. न्यू इंग्लंड पेट्रियट्सने १९९६मध्ये त्याला तिसऱ्या फेरीत, ८६व्या क्रमांकावर घेतले. पहिली काही वर्षे तो विशेष पथकांत आणि ठराविक प्रसंगीच मैदानात उतरत असे. आतल्या जागेचे काम तो या काळात शिकला. पुढे त्याच्या संघाने तीन सुपर बोल जिंकले. तिसऱ्या फेरीत निवड झाल्यामुळे त्याच्याकडे कोणाचे डोळे लागलेले नव्हते, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते हेच त्याचे भाग्य.

झॅक बॉनचे उदाहरण अगदी अलीकडचे. शाळेत क्वार्टरबॅक, विस्कॉन्सिन विद्यापीठात कडेचा लाइनबॅकर, २०१९मध्ये साडेबारा सॅक. न्यू ऑर्लीन्स सेंट्सने २०२०मध्ये तिसऱ्या फेरीत, ७४व्या क्रमांकावर त्याला निवडले. चार वर्षे तेथे तो प्रामुख्याने विशेष पथकांत राहिला. २०२४मध्ये ईगल्सने ३५ लाख डॉलरच्या एका वर्षाच्या करारावर त्याला घेतले. त्या वर्षी ईगल्सच्या बचावाची सूत्रे व्हिक फँजिओ यांच्याकडे आली होती. १९८६ ते १९९४ या काळात न्यू ऑर्लीन्समध्ये लाइनबॅकरांना शिकविण्यात त्यांची उमेद गेली होती. त्यांनी बॉनला कडेवरून आत आणले. त्याने हंगामात १५१ टॅकल केले, देशातील सर्वोत्तम संघात स्थान मिळविले आणि फेब्रुवारी २०२५मध्ये सुपर बोलमध्ये पॅट्रिक माहोम्सचा चेंडू हेरला. रेडिकचा प्रवास ज्या दिशेने फसला, नेमक्या त्याच दिशेने बॉन यशस्वी झाला. फक्त पाचव्या वर्षी, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, आणि अपेक्षांचे ओझे नसताना.

घड्याळ आणि पैसा

पहिल्या फेरीतील नवोदिताला मात्र पाच वर्षे थांबण्याची मुभा नसते. २०११च्या कामगार करारापासून नवोदितांचे वेतन निवडीच्या क्रमांकावरून जवळजवळ निश्चित होते आणि करार चार वर्षांचा असतो. पहिल्या फेरीच्या बाबतीत पाचव्या वर्षाचा अधिकार संघाकडे राहतो आणि त्याचा निर्णय तिसऱ्या हंगामानंतरच्या मे महिन्यात घ्यावा लागतो. म्हणजे नवी जागा शिकून सिद्ध करण्यास हाती राहतात तीन हंगाम. त्यात सराव कमी झाला आहे. २०११च्या करारानेच दिवसातून दोनदा पूर्ण संरक्षक साधनांनिशी सराव करण्याची जुनी प्रथा बंद केली आणि हंगामाच्या काळात असे सराव १४वर मर्यादित केले. २०२१पासून हंगामपूर्व सामनेही तीनवर आले. खेळाडूंच्या शरीराच्या दृष्टीने हे सुधारलेले पाऊल आहे, यात शंका नाही; पण शरीराची जुनी सवय मोडून नवी घडविण्याचे काम प्रत्यक्ष झुंजीशिवाय होत नाही आणि त्यामुळे नवोदिताच्या चुका आता सरावाऐवजी सामन्यात, कोट्यवधी प्रेक्षकांसमोर होतात.

जागेचा वेतनाशी असलेला संबंध तर उघडच आहे. सुपर बोल जिंकल्यानंतर बॉनशी ईगल्सने तीन वर्षांसाठी ५ कोटी १० लाख डॉलरचा करार केला. वर्षाला १ कोटी ७० लाख. ऑगस्ट २०२५मध्ये पार्सन्सला डॅलसने ग्रीन बे पॅकर्सकडे पाठविले तेव्हा झालेला करार चार वर्षांसाठी १८ कोटी ८० लाखांचा, म्हणजे वर्षाला ४ कोटी ७० लाख. दोघेही आपापल्या कामात देशातील अग्रगण्य. क्वार्टरबॅकपर्यंत पोहोचणाऱ्याला लीग जे मोल देते ते इतर कोणत्याही बचावपटूला देत नाही. त्यामुळे कडेवरून आत हलविल्या जाणाऱ्या तरुणाच्या बाबतीत प्रश्न खेळापुरता उरत नाही. त्याच्या पुढील कमाईचा स्तरच बदलतो आणि त्या निर्णयात त्याचे मत क्वचितच विचारले जाते.

२०२५ची जोडी

२०२५च्या ड्राफ्टमध्ये ही चर्चा दोन नावांभोवती फिरली. जॉर्जिया विद्यापीठाचा जेलन वॉकर २०२४च्या बटकस पुरस्काराचा विजेता. तो आत उभा राही आणि गरजेनुसार कडेवरून चालूनही जाई. अटलांटा फाल्कन्सने पंधराव्या क्रमांकावर त्याची निवड केली आणि त्याला मुख्यतः कडेला खेळविण्याचे ठरविले. उंची सहा फूट एक इंच, वजन सुमारे ११० किलो. रेडिकशी असलेले साम्य कोणाच्याही लक्षात यावे. अटलांटाने त्याच रात्री पुढील वर्षाची पहिली निवड मोजून सव्विसाव्या क्रमांकावर जेम्स पिअर्स ज्युनियर हा आणखी एक कडेचा खेळाडू घेतला. या दुसऱ्या निवडीवर टीका पुष्कळ झाली. वॉकरपुरते पाहिले तर मात्र ती उपकारक मानता येईल, कारण क्वार्टरबॅकवरील साऱ्या दडपणाची जबाबदारी एकट्या जागा बदलणाऱ्या नवोदितावर पडत नाही.

दुसरा अलाबामाचा जिहाद कॅम्पबेल. ईगल्सने एकतिसाव्या क्रमांकावर त्याला घेतले. तो आत खेळला होता, कडेलाही खेळू शकतो असे मानले जात होते आणि निवडीच्या वेळी खांद्याच्या शस्त्रक्रियेतून सावरत होता. आतल्या जागेवरील नकोबी डीन जानेवारीत गुडघ्याला गंभीर दुखापत झाल्याने हंगामाच्या आरंभी उपलब्ध नव्हता. त्यामुळे कॅम्पबेलने सुरुवात आतूनच केली, बॉनच्या शेजारी आणि फँजिओ यांच्या हाताखाली. नवोदिताला शिकण्यासाठी याहून अनुकूल शेजार मिळणे अवघड आहे.

अशा खेळाडूच्या पहिल्या हंगामाचा हिशेब सॅक किंवा टॅकल मोजून मांडला जातो, कारण ते मोजणे सोपे असते. पण आतल्या खेळाडूचे टॅकल पुष्कळ असूनही ते फळीच्या आठ यार्ड मागे, म्हणजे प्रतिस्पर्ध्याने आवश्यक अंतर कापल्यावर झालेले असू शकतात. कडेच्या खेळाडूने सॅक न करताही क्वार्टरबॅकला घाईने चेंडू फेकण्यास भाग पाडलेले असते. म्हणून प्रशिक्षक चित्रफितीत निराळ्या गोष्टी शोधतात. आत आलेल्या नवोदिताचे पहिले पाऊल योग्य दिशेने पडते काय, धावण्याच्या आविर्भावाला तो किती वेळा फसतो आणि दहाव्या आठवड्यात दुसऱ्या आठवड्यापेक्षा कमी फसतो काय. कडेला गेलेल्याच्या हातांची एकच युक्ती आहे की रक्षकाने ती ओळखल्यावर त्याच्याकडे दुसरी आहे. आणि निर्णायक तिसऱ्या डाउनला, जेव्हा चेंडू फेकला जाणार हे साऱ्या मैदानाला ठाऊक असते, तेव्हा संघ त्याला आत ठेवतो की बाहेर बसवितो. प्रशिक्षकांचे खरे मत या एका गोष्टीतून कळते, पत्रकार परिषदेतून नव्हे.

यापलीकडे पाहण्याजोगी एक बाब खेळाडूच्या हातात नसते, ती म्हणजे प्रशिक्षकवर्गाचे स्थैर्य. रेडिकच्या पहिल्या तीन वर्षांत आरिझोनात जे घडले ते वॉकर किंवा कॅम्पबेल यांच्या संघांत घडले, तर आतापर्यंतचे शिक्षण पुन्हा पहिल्या पानावर येईल. या दोघांच्या कराराच्या पाचव्या वर्षाचा निर्णय त्यांच्या संघांना मे २०२८पर्यंत कळवायचा आहे.